बोर्ड बोलत नाही, तेव्हा

वसई तालुक्यातील निर्मळ हे गाव तुमच्यापैकी पुष्कळांना कार्तिकातल्या जत्रेमुळे ठाऊक असेल. गावात तळे आहे, शंकराचार्यांचे मंदिर आहे, होली क्रॉसचे चर्च आहे आणि सभोवार केळीच्या, पानवेलीच्या, भाजीच्या नि फुलांच्या वाड्या आहेत. ह्या वाड्यांना पाणी पुरवायला एके काळी विहिरीवर रहाट फिरत असत. रहाटाची एक गोष्ट मोठी चांगली होती. बैल दमला की रहाट थांबे, आणि विहिरीला उसंत मिळे. विजेचा पंप दमत नाही. बटण दाबून माणूस दुसऱ्या कामाला गेला, तर पंप आपला ओढतच राहतो. समुद्र इथून फार लांब नाही. किनारपट्टीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगल्यासारखे असते. वरचे गोडे पाणी प्रमाणाबाहेर उपसले की खालचे खारे पाणी वर सरकते, आणि एकदा विहीर मचूळ झाली की ती लवकर गोडी होत नाही.

म्हणून एखाद्या शाळेतील नववीच्या मुलीने जर असे यंत्र करायचे मनात घेतले, की जे मातीतील ओल मोजील आणि ओल पुरेशी झाली की पंप बंद कर म्हणून खूण देईल, तर ते नुसते विज्ञान प्रदर्शनातले खेळणे समजू नका. वाडीच्या पाण्याचा प्रश्न त्यात आहे. असे यंत्र करण्याजोगे साहित्य आता शाळांतून मिळूही लागले आहे. केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांतून ‘अटल टिंकरिंग लॅब’ काढल्या. आपल्या पवईच्या आय. आय. टी.तील ‘ई-यंत्र’ ह्या उपक्रमाने अभियांत्रिकी महाविद्यालयांतून यंत्रमानवांच्या प्रयोगशाळा उभ्या करण्यास हातभार लावला. साहित्य आहे, मुलांना हौस आहे. पण घोडे अडते ते भलत्याच ठिकाणी, आणि त्या ठिकाणाविषयीच मला आज बोलायचे आहे.

ह्या यंत्राचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर. नखाएवढी काळी चिप, तिच्यात हिशेब करणारा भाग, आठवण ठेवणारा भाग आणि बाहेरच्या जगाशी बोलायला पाय. ही चिप, तिला लागणारे चार सुटे भाग आणि पिना एका हिरव्या किंवा निळ्या पट्टीवर बसवल्या की त्याला आपण बोर्ड म्हणतो. तुमच्यापैकी जे शिक्षक तंत्रनिकेतनात शिकले असतील, त्यांना १९८० साली आलेली ८०५१ ही चिप आठवेल. त्या जातीच्या काही चिपांमधील जुना प्रोग्राम पुसण्यासाठी ती अतिनील दिव्याखाली बराच वेळ ठेवावी लागे, मग नवा भरायचा, पुन्हा चुकला तर पुन्हा दिवा. आता तो व्याप राहिलेला नाही. आता असतो डीबगर.

डीबगर म्हणजे काय, हे रहाटावरूनच सांगतो. रहाट फिरत असताना कोणते गाडगे गळते ते कळत नाही. सगळी माळ भरभर वर येते आणि पन्हाळीत पाणी तेवढे कमी पडते. गळके गाडगे शोधायचे तर रहाट थांबवला पाहिजे, एकेक गाडगे पुढे घेतले पाहिजे आणि त्यात डोकावून पाहिले पाहिजे. डीबगर नेमके हेच करतो. तो एका बाजूला संगणकाला आणि दुसऱ्या बाजूला बोर्डाला जोडायचा. मग चालता प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवता येतो, एकेक ओळ पुढे सरकवता येते, आणि ओल मोजणाऱ्या पट्टीकडून आलेला आकडा चिपच्या पोटात किती पडला हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. चिपमध्ये असे मोजक्या पिनांतून डोकावण्याची एक पद्धत १९९० साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरली. हल्लीच्या पुष्कळशा चिपांना त्याहून कमी, म्हणजे दोनच खुणेच्या तारा पुरतात.

आता त्या मुलीने डीबगर जोडला, संगणकावर बटण दाबले, आणि पडद्यावर अक्षरे उमटली: समोर कोणी नाही. इंग्रजीत ती ‘नो टार्गेट कनेक्टेड’ अशी असतात, किंवा ‘टार्गेट व्होल्टेज शून्य’ अशी. इथून पुढे काय घडते ते आपण जाणतोच. मुलगी म्हणते, माझा प्रोग्राम चुकला असेल. ती तो पुन्हा लिहिते. गुरुजी म्हणतात, तारा बदलून पाहा. तारा बदलतात. मग कोणीतरी म्हणते, बोर्ड जळला. बोर्ड कपाटात जातो, कपाटाला कुलूप लागते, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना ते साहित्य दुरूनच दाखवले जाते. कारण काय, तर ‘मागच्या वेळी मुलांनी जाळले.’

मला ह्यात सर्वांत वाईट वाटते ते त्या ‘मुलांनी जाळले’ ह्या शब्दांचे. कारण असे अडलेले पुष्कळ बोर्ड जळलेले नसतात, उपाशी असतात. त्यांना वीजच पोचलेली नसते, किंवा पोचते ती अपुरी, किंवा दोन दिशांनी एकदम पोचते. आणि हे पाहायला मोठी विद्या लागत नाही. दोनतीनशे रुपयांचा मल्टीमीटर, आणि कशानंतर काय पाहायचे ह्याचा क्रम, एवढे पुरे. कागद-पेन्सिल जवळ असेल तर काही आकडे टिपून ठेवा.

आधी तारा ओळखून घेऊ. दोन तारांच्या पद्धतीत डीबगरपासून बोर्डाकडे सहसा चार तारा जातात. एक माहितीची. एक ठेक्याची, म्हणजे भजनात टाळ जसे लय धरून ठेवतात तशी लय धरणारी. तिसरी ग्राउंडची, म्हणजे शून्याची. आणि चौथी? सारा घोटाळा ह्या चौथ्या तारेत आहे.

डीबगरवर ह्या चौथ्या पिनेपाशी ‘व्ही-रेफ’, ‘व्ही-टार्गेट’ असे काहीतरी लिहिलेले असते. ‘व्ही’ पाहिला की माणसाला वाटते, इथून वीज बाहेर येते. ती येत नाही. अस्सल डीबगरमध्ये ही तार बहुधा वीज देण्यासाठी नसून मोजण्यासाठी असते. विहिरीत काठी बुडवून पाण्याची पातळी पाहावी, तसा डीबगर तिच्यातून बोर्डाचा दाब पाहतो. बोर्ड ३.३ व्होल्टवर चालत असेल तर तो आपल्या खुणाही ३.३ व्होल्टच्या पाठवतो. काठीला पाणीच लागले नाही, तर तो म्हणतो समोर कोणी नाही. त्याचे काही चुकत नाही. काठीने विहीर भरत नसते, एवढेच.

एसटी कंपनीचा मूळचा ‘एसटी-लिंक व्ही-२’ घ्या, किंवा ‘ॲटमेल-आइस’ घ्या. दोन्ही समोरच्या बोर्डाला वीज देत नाहीत, त्याचा दाब फक्त पाहतात. रास्पबेरी पाय वाल्यांनी २०२३ साली काढलेल्या छोट्या ‘डीबग प्रोब’ला तर खुणेसाठी तीनच तारा आहेत: माहिती, ठेका आणि ग्राउंड. त्यामुळे ‘पिको’ बोर्डाला त्याची स्वतःची यूएसबी वायर निराळी लावावीच लागते. उलट ‘पिककिट-३’ सांगितले तर वीज देतो, पण ती फक्त ३० मिलिअँपियरपर्यंत. तेवढ्यावर चिप जगते. तिच्याबरोबर चार दिवे आणि एक रिले लावला की संपले. आणि बाजारात पेनड्राइव्हसारखे दिसणारे जे स्वस्त डीबगर मिळतात, त्यांतील बऱ्याच जणांच्या ३.३ व्होल्टच्या पिनेतून खरोखरच वीज बाहेर येते! म्हणजे दिसायला सारखी पिन, पण एकात ती तोंड आहे आणि दुसऱ्यात हात. म्हणून पहिला प्रश्न हा: ह्या जोडणीत वीज देणारा कोण? त्याचे उत्तर वहीत लिहिल्याशिवाय तार लावू देऊ नये. मी शिक्षक असतो तर मुलांना आकृतीत देणाऱ्याभोवती लाल गोल काढायला लावला असता, आणि दोन लाल गोल निघाले की काम तिथेच थांबवले असते.

आता मीटर हातात घ्या. मीटरचा खटका डी. सी. २० व्होल्टवर ठेवा. काळे टोक बोर्डाच्या ग्राउंड पिनेला, लाल टोक ३.३ लिहिलेल्या पिनेला. हे माप डीबगरवर घ्यायचे नाही, बोर्डावर घ्यायचे. आणि जमल्यास चिपच्या पायाजवळ घ्यायचे. नदीला पाणी आहे म्हणून शेतात पाणी आहे असे होत नाही, मधला पाट पाहावा लागतो.

मीटरने शून्य दाखवले, तर संशयित मोजकेच आहेत. पहिला मान यूएसबी वायरचा. मोबाइलबरोबर आलेल्या काही वायरींत नुसत्या वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात. त्यांनी बोर्ड पेटतो पण संगणकाला दिसत नाही. काहींत वीज नेणारीच तार वाकवून वाकवून आतून तुटलेली असते. वायर बदलून पाहणे हा पाच सेकंदांचा प्रयोग आहे आणि तो सर्वांत शेवटी केला जातो, हे मला न उलगडलेले कोडे आहे. दुसरा संशयित म्हणजे बोर्डावरची टोपी, ज्याला जंपर म्हणतात. काही बोर्डांवर वीज यूएसबीतून घ्यायची की बाहेरून, हे ह्या टोपीने ठरते, आणि टोपी इतकी बारीक असते की मागच्या तुकडीने ती हरवलेली असू शकते. तिसरा, बोर्डावरचा आपोआप सावरणारा फ्यूज. जास्त वीज ओढली गेली की तो तापून वाट अडवतो, आणि पुरवठा काढून थोडा वेळ थांबले की गार होऊन पुन्हा वाट देतो. ‘काल बंद होता, आज आपोआप चालू झाला’ असे जिथे ऐकाल, तिथे हा फ्यूज आठवा, आणि काल त्याला कोणी चिडवले ते शोधा.

मीटरने ३.३ च्या ऐवजी २.७ किंवा २.५ दाखवले, तर गोष्ट अधिक फसवी असते. बोर्डावरचा लाल दिवा लागलेला असतो, सर्वांना वाटते वीज आहे. थोडे गणित करू. यूएसबीतून ५ व्होल्ट निघतात. बोर्डावरचा रेग्युलेटर त्यांचे ३.३ करतो. पण स्वस्त बोर्डांवर सर्रास दिसणारा १११७ जातीचा रेग्युलेटर आपल्यासाठी एक-सव्वा व्होल्ट मागतो, म्हणजे त्याच्या तोंडाशी साडेचार व्होल्टच्या आसपास तरी आले पाहिजेत. आता वायर लांब आणि बारीक आहे, तिचा जाता-येता मिळून १ ओहम रोध आहे, आणि बोर्ड अर्धा अँपियर ओढतो आहे असे धरा. अर्धा व्होल्ट वायरीतच जिरला. ५ चे ४.५ उरले. रेग्युलेटर काठावर आला. त्यात यूएसबीचे भोक गंजलेले असले, किंवा मध्ये स्वस्तातला हब असला, की तो काठावरून खाली. संगणकाच्या जुन्या, यूएसबी २ जातीच्या भोकातून अर्धा अँपियर मिळायचा, तोही बोर्ड आणि संगणक ह्यांनी आपसांत ठरवल्यावर, आणि हबमधून चार जणांत वाटून घेतल्यावर किती उरेल हे तुम्हीच पाहा. उपाय साधा: आखूड, जाड वायर, आणि हब न वापरता संगणकाचे स्वतःचे भोक.

ह्याहूनही फसवी एक तऱ्हा आहे. मीटर ठामपणे ३.३ दाखवतो आणि तरी बोर्ड मधूनच दचकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, डीबगरची ओळख तुटते. वाय-फाय असलेल्या ईएसपी-३२ बोर्डावर हे फार दिसते. ही चिप एरवी थोड्यावर भागवते, पण वाय-फायने संदेश पाठवताना क्षणभर सुमारे २४० मिलिअँपियरपर्यंत ओढते. तेवढ्या क्षणात दाब घसरतो आणि परत वर येतो. मीटर बिचारा सावकाश पाहणारा, त्याला ही घसरण दिसतच नाही. पण चिपला दिसते. तिच्यात दाब पडला की काम थांबवून नव्याने सुरू करणारा पहारेकरी बसवलेला आहे, आणि तो पडद्यावर ‘ब्राउनआउट डिटेक्टर’ असे नाव घेऊन तक्रारही नोंदवतो. ती ओळ वाचा. मुले ती कचरा समजून पुढे सरकवतात. अशा वेळी बोर्डाच्या ३.३ आणि ग्राउंड ह्यांच्यामध्ये, चिपच्या जवळात जवळ, १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावावा. त्याचे उणे टोक ग्राउंडकडे आले पाहिजे, उलटा लावला तर तो फुगतो, फुटतोही. वाडीत पाटाच्या तोंडाशी छोटी टाकी बांधतात ना, तशीच ही टाकी. वरून पाणी क्षणभर कमी झाले तरी रोपांना कळत नाही.

आता दोन देणाऱ्यांविषयी. ज्यांच्या घरी किंवा हॉलवर जनरेटर आहे त्यांना चेंजओव्हर स्विच माहीत असतो. वीज एक तर लाइनीवरून यावी, नाही तर जनरेटरवरून. दोन्ही एकदम जोडता येऊ नयेत अशी त्या स्विचची रचनाच असते. नाहीतर जनरेटरची वीज उलटी लाइनीवर चढते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जातो. बोर्डाच्या बाबतीत जिवाचा प्रश्न नाही, पण न्याय तोच. डीबगर आपल्या ३.३ च्या पिनेतून वीज देतो आहे, आणि बोर्डाला शिवाय स्वतःची यूएसबी वायरही लावली आहे. दोघांचे ३.३ तंतोतंत सारखे नसते. एकाचे ३.३५, दुसऱ्याचे ३.२७. वरचा खालच्याला ढकलतो. पुष्कळदा त्याने काहीच बिघडत नाही, आणि म्हणूनच सवय लागते. मग एके दिवशी एक वायर काढली जाते, दुसऱ्याची वीज पहिल्याच्या रेग्युलेटरात उलटी शिरते, आणि धूर निघतो. ह्याहून वाईट म्हणजे ५ व्होल्टची तार चुकून ३.३ च्या पिनेवर जाणे. ‘ब्लू पिल’ ह्या लोकप्रिय निळ्या बोर्डावरची चिप २ ते ३.६ व्होल्टमध्ये काम करते आणि ४ व्होल्ट ही तिची सोसण्याची शेवटची मर्यादा आहे. ५ दिले तर ती ओरडत नाही, नुसती जाते. हे मात्र खरे जळणे.

डीबगर लावला असताना बोर्ड झकास चालतो आणि डीबगर काढून वाडीत नेला की मुका होतो, अशी तक्रार आली, तर ह्याच प्रश्नाचे दुसरे टोक समजा. इतके दिवस पोसत होता तो डीबगर. बोर्डाचा स्वतःचा अडॅप्टर कधी नीट जोडलेलाच नव्हता.

आणि एक भुताटकी सांगतो. बोर्डाची वीज पूर्ण काढली आहे, डीबगर मात्र लावलेला आहे, आणि बोर्डावरचा दिवा मंद मंद जळतो आहे. मुलांना ह्याची गंमत वाटते. कारण असे की, चिपच्या प्रत्येक पायापाशी तिच्या रक्षणासाठी बारीक डायोड असतात, आणि खुणेच्या तारांतून येणारी वीज त्यांच्यातून पाझरून चिपच्या पोटात जाते. बांध फुटलेला नाही, नुसता झिरपतो आहे. ह्या झिरपणाऱ्या विजेवर चिप अर्धवट जागी होते, धड काम करत नाही, धड बंद होत नाही. तेव्हा बोर्डाची वीज बंद करायची तर डीबगरही काढावा, आणि पुन्हा सुरू करताना आधी बोर्डाला वीज, मग डीबगर. दिवा लागला म्हणजे वीज ठीक, हा समज मनातून काढून टाकावा. दिवा थोड्यावरही लागतो.

ग्राउंडच्या तारेबद्दल लोक फार निष्काळजी असतात, तिला काही ‘काम’ नाही असे वाटते म्हणून. पण ३.३ व्होल्ट हा आकडा कशापासून मोजलेला? दोन शेजाऱ्यांनी आपापल्या अंगणापासून कौलाची उंची मोजली, आणि अंगणेच वरखाली असली, तर त्यांचे आकडे जुळून काय उपयोग? डीबगर, बोर्ड, ओल मोजणारी पट्टी, रिले, सर्वांचे शून्य एका तारेने एकमेकांना जोडलेले हवे. आणि जोडताना हीच तार आधी लावावी, काढताना शेवटी काढावी. त्याचेही कारण आहे. पुष्कळ लॅपटॉपचे आणि मोबाइलचे चार्जर दोन पिनांचे असतात, त्यांना अर्थिंग नसते. अशा चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या धातूला उलट्या हाताने अलगद स्पर्श केला तर कधी कधी मुंग्या येतात. तो प्रवाह अगदी क्षीण असतो, पण जोडणीच्या पहिल्या क्षणी खुणेची तार आधी टेकली आणि ग्राउंड नंतर, तर तेवढाही चिपच्या पायाला भारी पडू शकतो. म्हणून जोडणी करताना लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर ठेवावा. आणि प्रयोगशाळेतील तीन पिनांच्या सॉकेटना खरोखर अर्थिंग आहे का, हे एकदा परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. तीन भोके असली म्हणजे तिसऱ्यामागे तार असतेच असे नाही. हे काम मुलांच्या मीटरने करायचे नाही. २३० व्होल्टच्या वाटेला मुलांनी जाऊच नये.

निर्मळसारख्या किनाऱ्याजवळच्या गावांना आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारी, दमट हवा. पावसाळ्याचे चार महिने उघड्यावर राहिलेल्या बोर्डाच्या पिना काळवंडतात, तांब्याच्या टोकांना हिरवट बुरा येतो. डोळ्याला जोडणी दिसते, विजेला ती दिसत नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर ‘सुट्टीत बोर्ड बिघडले’ म्हणतात ते बरेचसे हेच. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जुना टूथब्रश बुडवून, वीज काढलेली असताना पिना घासाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. जोडणीच्या बारीक तारा मात्र घासत बसू नयेत. त्या स्वस्त असतात, दरवर्षी नव्या आणाव्यात. बोर्ड ठेवायला घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात ओल शोषणाऱ्या पुड्या, ज्या नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्याच. लोणचे जपता तसे जपायचे.

एवढे सगळे पाहून झाले, मीटर ३.३ दाखवतो, देणारा एकच आहे, ग्राउंड पक्के आहे, आणि तरीही डीबगर म्हणतो समोर कोणी नाही. तर मग, आणि तेव्हाच, प्रोग्रामकडे वळावे. काही वेळा आधी भरलेल्या प्रोग्रामनेच चिपला झोपवलेले असते, किंवा डीबगरच्या पिना दुसऱ्या कामाला लावलेल्या असतात. त्याला उतारा आहे. रीसेटचे बटण दाबून धरायचे, डीबगरला जोडणीची आज्ञा द्यायची, मग बटण सोडायचे. बऱ्याच डीबगरच्या प्रोग्राममध्ये ‘रीसेटखाली जोडा’ अशा अर्थाची सोय असते. चिप उठून झोपी जाण्याच्या आत तिला पकडायचे, इतकेच.

त्या मुलीच्या यंत्राकडे परत येतो, कारण शेवटची अडचण पंपाजवळ येते. टेबलावर सारे चालले, आणि रिले जोडताच डीबगर तुटतो. रिलेच्या वेटोळ्याला ५ व्होल्टवर सत्तरएक मिलिअँपियर लागतात, आणि ते बंद होताना उलटा झटका देते. तेव्हा रिलेला वीज बोर्डाच्या ३.३ मधून कधी देऊ नये. ५ व्होल्टचा निराळा पुरवठा द्यावा, ग्राउंड मात्र एकत्र ठेवावे. आत्ताच एकच देणारा म्हटले आणि आता दोन, असे कोणी विचारील. हे दोन पुरवठे एकाच तारेवर येत नाहीत, दोन निरनिराळ्या कामांना जातात. भेटतात फक्त शून्यापाशी. वेटोळ्यावर उलटा झटका जिरवणारा डायोड आहे ना, हे पाहावे. तयार रिले-पट्टीवर तो असतो. आणि वाडीतला खरा पंप? तो स्टार्टरवरच चालेल. मुलीच्या रिलेने स्टार्टरला फक्त खूण द्यायची, आणि ती जोडणी वायरमनने करायची. शाळेत तोवर रिलेच्या जागी एक छोटा बॅटरीवरचा दिवा लावून परीक्षा घेता येते: माती ओली केली की दिवा विझला पाहिजे.

राहिले ते कपाट. शिक्षकांनो, येत्या शनिवारी ते उघडा आणि ‘मेलेले’ म्हणून ठेवलेले बोर्ड टेबलावर मांडा. कशालाही वीज न जोडता मीटर ओहमवर ठेवा, आणि एकेका बोर्डाच्या ३.३ आणि ग्राउंड पिनांमधला रोध मोजा. आकडा क्षणभर हलेल, स्थिर होऊ द्या. एक-दोन ओहमच आले, तर आत कुठेतरी वीज परस्पर शून्याला मिळते आहे; तो बोर्ड बाजूला ठेवा, डाखकाम शिकायला उपयोगी पडेल. शेकडो किंवा हजारो ओहम आले, तर त्याला चांगली आखूड वायर लावा, दुसरे काहीही जोडू नका, आणि आता व्होल्ट मोजा. ३.३ आले की बोर्डाच्या पाठीवर कागदाची चिठ्ठी डकवून तो आकडा आणि तारीख मुलांच्या हाताने लिहून घ्या, आणि मग त्याच मुलांना डीबगरच्या तीन तारा लावू द्या. ग्राउंडची आधी.